मडमेचं नाक

आये, मडमेचं तोंड मी पाहिलं. तू सांगितलं होतंस तसंच आहे.

हे आधी लिहून टाकलं, कारण एकदा बोलायला लागले की भात करपेपर्यंत मी मुद्द्यावर येत नाही. तूच म्हणायचीस, "हिला पाण्याला धाडली तर ही विहिरीवरच्या गोष्टी घेऊन येईल, कळशी तिथंच." म्हणून आज कळशी आधी आणली. गोष्ट आता सावकाश सांगते. इथं मस्कतात दुपार आहे. बाहेर ऊन असं की रस्त्यावर मांजर नाही. मुलगा रुसैलला कारखान्यात, सून तिच्या बँकेत, नात ऑफिसात. बौशरच्या या उंच बिल्डिंगीत मी खिडकीपाशी बसलेय, एसी घुमतोय, आणि नातीनं ऑफिसातून आणलेल्या एका अंगानं छापलेल्या कागदांच्या पाठीवर लिहितेय. माझं अक्षर तू कधी बघितलं नाहीस. शाळा मला फार लाभली नाही, पण नातीला बाराखडी गिरवून घेताना माझीही गिरवून झाली. सुनेला वाटतं सासूबाई जप लिहितात.

समोर शोकेसमध्ये तुझी गुलाबदाणी आहे. डाळिंबाएवढं पोट, हंसासारखी मान, वर कमळाच्या बोंडाची चाळण. आपल्या घरातल्या इनॅमलच्या ताटल्यांसारखी ही ढोबळ नाही. आत तांबं, वर दुधासारखा पांढरा काचेचा लेप, त्यावर गुलाबी-निळी फुलं आणि पोटावर मधोमध खिडकीसारखी चौकट. त्या चौकटीत मडम. निळा फुगलेला झगा, हातात फुलांची टोपली, पायाशी कान पाडलेलं कुत्रं, मागे चहाच्या वाफेसारखे डोंगर. आणि तोंडाच्या जागी पिस्त्याएवढा तांब्याचा काळपट डाग. लहानपणी मला वाटायचं, ती रुसून पलीकडे तोंड करून बसली आहे. हाक मारली की वळेल. भर दुपारी, सगळी निजली की मी फडताळाशी जाऊन हळूच हाक मारायची, "मडमबाय, ओ मडमबाय." वळायची नाही. पण झगा हलल्यासारखा वाटायचा.

तुझे आजोबा तांडेल. गलबत घेऊन मस्कतपर्यंत जायचे, येताना खजूर आणायचे, आणि एकदा ही आणली. मग तुझ्या लग्नात ती तुझ्याबरोबर सासरी आली. तू म्हणायचीस, "मी नि मडम एकाच डोलीतनं आलो." ती आली तेव्हा तिचं तोंड कसं होतं, हे तुझ्याशिवाय कोणी सांगू शकलं असतं तर ती आपली आजी, तुझी सासू. आणि तिनं तर वेगळंच सांगितलं.

कल्हईच्या दिवसाची गोष्ट तू चुलीत फुंकर घालत सांगायचीस, म्हणून मला ती नेहमी धुरातच दिसते. मी तेव्हा पाळण्यात. आत्याचं लग्न ठरलेलं, अंगणात कल्हईवाला बसलेला, भाता फुसफुसतोय, नवसागराचा धूर डोळ्यांत जातोय. आजी एकेक भांडं बाहेर आणून देते आहे. आजीचा हिशेब सरळ होता. तांबं म्हटलं की कल्हई. कल्हई नाही केली तर भांड्यातलं कळकतं, मग गुलाबपाणी तरी कसं टिकेल? लग्नात व्याह्यांच्या अंगावर कळकलेलं पाणी शिंपडणार काय? तू माजघरात मला पाजत होतीस. तू ऐकलंस ते तडतड, लाह्या फुटतात तशी. धावत आलीस तोवर मडमेचं तोंड निखाऱ्यात उडालं होतं. कल्हईवाला कानाला हात लावत होता, "आजी, मी इचारलं व्हतं, ह्या काचंला इस्तू चालंल काय." आजी म्हणाली, "अंग वाचलं ना? मग झालं. तोंडाशी काय करायचंय, पाणी तर वरनं येतं."

तर माझं नाक. मी वाढत गेले आणि नाक जागच्या जागीच राहिलं. आत्या म्हणायची, देवानं चिमटीत धरलं नि सोडायचं विसरला. पोरं नकटी म्हणायची, आजीही म्हणायची, नुसती हाक म्हणून. एकदा हळदीकुंकवाला कोणीतरी बोललं, "हिला खपवायला त्रास आहे हो," आणि मी फडताळामागे जाऊन बसले. तू आलीस, हात हळदीनं पिवळे, आणि मडमेवर बोट ठेवून म्हणालीस, "हिचं नाक कसं व्हतं सांगू? तुझ्यासारखं. अस्संच. आणि हिला लोकांनी समुद्रापलीकडनं आणून काचेच्या कपाटात ठेवलीय." आजी उंबऱ्यातून म्हणाली, "काय पोरीला फशिवतेस! मडम ती. तिचं नाक पोपटासारखं धारदार व्हतं. मी काय बघितली नाय?" तू सरळ गुलाबदाणी घेतलीस आणि माझ्या डोक्यावर शिंपडलंस. एकदा, आणि मग पुन्हा. पुढे रीतच पडली. बायकांना एकेकदा, आणि शेवटी मी. "नकटीला दोनदा." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. पण आये, मडमेला चपटं नाक असतं का? विलायतेची बाई ती. मोठी होत गेले तशी मला खात्रीच पटत गेली की आईनं समजूत काढली. आया काढतात. मीही पोरांची काढलीच.

लग्न झालं ते तुला माहीत आहे, चांगलं झालं. त्यांनी माझ्या नाकाबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त नथ घ्यायला गेलो तेव्हा सोनाराला म्हणाले, "लहान दाखवा." तुझ्यामागे गुलाबदाणी माझ्याकडे आली. मग तेही गेले, आणि ती शोकेसमध्ये गेली. आपल्याकडे मोठ्यानं कोणी काही म्हणत नाही ना. नुसता हात पुढच्या बाईकडे वळतो. तुझ्या वेळीही पाहिलं होतं मी, दादा गेले नि तुझं कुंकू पुसलं तेव्हा. गुलाबपाणी भरून द्यायचीस तूच, शिंपडायची दुसरी, आणि तू दाराशी उभी राहून वास घ्यायचीस.

मुलानं इथं बोलावलं तेव्हा मी तिला तुझ्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत घेतली. विमानतळावर तपासणारा म्हणाला, "माताजी, इसमें क्या है?" मी म्हटलं, "वास." तो हसला, हुंगून परत दिली. मी येताना खिडकीतून खाली समुद्र बघत होते आणि मला वाटत होतं, ही माझ्याबरोबर येत नाही, हीच मला घेऊन चाललीय, हिचा रस्ता माहितीचा आहे.

आता नातीचं सांगते. मुलगी लाखात एक. मराठी बोलते ती थोडी अडखळत, रस्त्यावरचे खड्डे चुकवत गाडी चालवावी तशी, पण माझ्याशी मराठीच बोलते. थंडीत लग्न आहे, मुलगा पुण्याचा, इथंच नोकरीला. सगळं गोड. आणि नाक माझं. म्हणजे तुझ्या मडमेचं. लग्नाच्या फोटोंची बोलणी सुरू झाली आणि ही आरशापुढून हलेना. डॉक्टरकडे जाऊन आली, नाक वर करून देतात म्हणे. 

"आजी, बघ ना, साइडनं फोटो काढला की माझं नाक दिसतच नाही."

"दिसत नाही तर श्वास कुठनं घेतेस?"

"जोक नको ना, आजी."

सून म्हणाली, "आई, तुम्ही मध्ये पडू नका, तिचा कॉन्फिडन्सचा प्रश्न आहे." मी पडले नाही. पण मला तोंडाशी आलेलं वाक्य तुला सांगते. म्हणणार होते, मडमेचंही असंच होतं. आणि गप्प बसले, कारण ते खरं की खोटं हे मलाच ठाऊक नव्हतं. तू मला सांगितलंस तेव्हा तू ते डोळ्यांनी पाहिलेलं होतंस, किंवा खोटं बोलायची तुझ्यात हिंमत होती. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

मग एके दिवशी नातीची मैत्रीण घरी आली. इथलीच, ओमानी, संग्रहालयात नोकरी करते. काळा पायघोळ अबाया, हसरी, मलाही आजीच म्हणते. माझ्या हातचं घावन खाता खाता तिची नजर शोकेसकडे गेली आणि घास तसाच राहिला. उठून जवळ गेली. डागाकडे बघितलं, वैद्य जुना व्रण बघतो तसं, आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "आजी, इसको आग में कौन डाला?" इतक्या वर्षांत कोणी तो डाग ओळखला नव्हता. मग नातीला इंग्रजीत बरंच काय काय म्हणाली, आणि नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, ही म्हणते, हिच्या घरी अशीच आहे. खाबुऱ्याला, हिच्या गावी, आईकडे. पण त्याच्यावर फेस आहे, म्हणजे तोंड."

शुक्रवारी जायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी मी म्हटलं, माझा गुडघा दुखतोय, तुम्ही जाऊन या. तुला खोटं कशाला सांगू, गुडघा ठीक होता. मला वाटलं, आता हिचं तोंड बघायचं आणि निघायचं ते पोपटाचं नाक, तर ह्या वयात मी आईला खोट्यात काढायची? राहिलीय थोड्या दिवसांची गोष्ट, राहू दे डाग. पण नात ऐकते का? "आजी, यल्ला, चल!" म्हणत तिनं चपला माझ्या पायात घातल्या.

गाडी किनाऱ्याकिनाऱ्यानं चालली. एका अंगाला खजुरांच्या बागा, लिंबाची झाडं, दुसरीकडे मधूनच समुद्राची पट्टी, तोच समुद्र, आपलाच, फक्त पलीकडनं बघितलेला. मला डुलकी लागली. आणि तू मागच्या सीटवर बसलेली, नऊवारी नीट पायांवर ओढून, गुलाबदाणी मांडीवर. तू विचारत होतीस, "पोचलो काय गो?" आणि मी म्हणत होते, अजून नाही, अजून गलबत लागलं नाही. मग जाग आली तर गुलाबदाणी माझ्याच मांडीवर.

मैत्रिणीची आई दाराशीच उभी. माझ्याच वयाची, हातावर मेंदी, अंगाला असं अत्तर की आधी वास भेटला आणि मग बाई. बाजारात आपल्याकडच्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून हिंदी शिकलेली. "आओ अम्मा, आओ, बैठो, घर तुम्हारा है." खाली गालिच्यावर बसलो. खजूर, वेलचीची कडू कॉफी इवल्याशा पेल्यात, हलवा बोटानं खायचा. तिनं विचारलं, मुलं किती, नातवंडं किती, मालक आहेत का. मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, "मेरा भी नहीं, बहुत साल हुआ," आणि माझ्या पेल्यात कॉफी ओतली. मग आतून एक गाठोडं आणलं. पुरुष इथं डोक्याला नक्षीचा रुमाल बांधतात, तसल्या तिच्या नवऱ्याच्या जुन्या रुमालात गुंडाळलेलं. मी तुझं लुगडं सोडलं, तिनं रुमाल सोडला, आणि दोघी गालिच्यावर शेजारी उभ्या केल्या.

आये, तेच कुत्रं. तीच टोपली, तेच वाफेचे डोंगर. फक्त हिची मडम डावीकडे वळलेली आणि आपली उजवीकडे, म्हणजे जवळ ठेवल्या तर एकमेकींकडे बघणाऱ्या. मी चष्मा पुसला. केस पिवळे, मक्याच्या कणसासारखे. डोळे लांबट, मिटत आलेले, जेवून सुस्तावलेल्या बाईचे. गाल गुलाबी. आणि नाक, आये! नाक म्हणजे दोन ठिपके आणि खाली एक बारीक चिमूट. मध्ये डोंगरच नाही. कपाळावरून सरळ ओठापर्यंत घसरत यावं.

नात वाकून बघत होती. तिनं चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात आपोआप स्वतःच्या नाकाला गेला. "आजी! हे तर आपलं नाक आहे!" मैत्रिणीच्या आईनं मान पुढे काढून तिघींना ताडून बघितलं आणि मला म्हणाली, "अम्मा, तुम चीन की हो क्या?" मग जो हशा उठला, कॉफी सांडली माझ्या पदरावर. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "रोती क्यों है?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मेरी माँ झूठ नहीं बोली." त्या बिचारीला काय कळणार. पण तिनं मान डोलावली, जणू सगळ्यांच्याच आयांवर कधी ना कधी ही वेळ येते.

तर ही चीनची आहे. मस्कतची नाही, विलायतेचीही नाही. नातीच्या मैत्रिणीनं समजावलं, थोडं हिंदीत, थोडं नातीकडून, जेवढं माझ्या डोक्यात राहिलं तेवढं सांगते. फार पूर्वी विलायतेचे पाद्री चीनच्या बादशहाकडे जायला लागले, आणि नजराण्यात तांब्यावर चित्र काढलेल्या अशा वस्तू न्यायचे. चिन्यांना तांब्यावरचं काचेचं काम येत नव्हतं असं नाही. पण त्यांचं जुनं काम तारेचं. आपण भाताच्या खाचरांना बांध घालतो ना, तसे तारेचे बांध घालून मध्ये रंग भरायचा. आणि ते त्यांच्याकडे अरबांच्या बाजूनं गेलं असं मानतात. हे ऐकून मैत्रिणीच्या आईनं अशी मान ताठ केली, जसं तिच्याच सासऱ्यानं शिकवलं असावं. पण बांध न घालता, ब्रशानं, रंगात रंग मिसळत काढलेलं चित्र हे विलायतेचं. बादशहाला ते इतकं आवडलं की त्यानं आपले कारागीर बसवले, तिकडची माणसं बोलावली, आणि शिकूनच घेतलं. मग दक्षिणेला बंदरावरचे कारागीर गिऱ्हाईक बघून माल करायला लागले. गोऱ्यांना त्यांचं, आणि आपल्याला, अरबांना गुलाबदाण्या. आणि हा गुलाबी रंग आहे ना, तोही विलायतेकडून गेलेला, त्यात सोनं असतं म्हणाली. नात म्हणाली, गोल्डमधून पिंक कसा येईल? मी म्हटलं, हळदीत चुना घातला की लाल होतं ते कसं येतं? रंगाचं असंच असतं, तो दुसऱ्याच्या घरी गेला की खुलतो.

आणि नाकाचं? मी विचारलंच. ती म्हणाली, कारागिराच्या समोर विलायतेहून आलेलं छापील चित्र असायचं. झगा त्यानं बघून काढला, टोपली बघून काढली. पण तोंड काढताना बघायची गरज कोणाला लागते? हाताला जे तोंड ठाऊक, तेच उतरतं. हे मला लगेच पटलं. आपल्याकडे गौरीचा मुखवटा रंगवायचो तेव्हा नाही का, ज्या घरची बाई रंगवेल त्या घरचं नाक गौरीला. तुझी गौर नेहमी माझ्यासारखी दिसायची आणि आजी म्हणायची, ही कसली गौर, ही तर नकटी! त्या कारागिराच्या घरीही असेल कोणी. बायको, नाहीतर मुलगी. भट्टीची आच बघत बसलेला, आणि समोर अंगणात ती खेळतेय. विलायतेच्या झग्यात त्यानं तिलाच उभी केली, आणि जहाजात घालून जगभर पाठवली. असं त्या मुलीनं नाही सांगितलं, हे माझं. पण मला ते दिसतं.

मग मला आजीची पण दया आली. ती काही खोटं बोलत नव्हती. मडम म्हटल्यावर तिच्या डोळ्यांनीच नाक धारदार करून घेतलं असणार. तिनं झगा बघितला. तोंड बघितलं ते तू.

दोघी एकाच जोडीतल्या का, ते त्या मुलीला छातीठोक सांगता येईना. म्हणाली, अशा जोड्या खूप केल्या जायच्या, या सख्ख्या असतील, नाहीतर चुलत. मला सख्ख्याच वाटल्या. इतक्या वर्षांनी भेटल्या आणि एकीला तोंड नाही, तरी दुसरीनं ओळखलंच ना.

निघायची वेळ झाली. इथली रीत म्हणजे ऊद जाळून धूप फिरवतात आणि पाहुण्यावर गुलाबपाणी शिंपडतात, मग निरोप. घरच्या बाईनं शोकेससाठी नव्हे हो, वापरायला म्हणून ती तोंडवाली गुलाबदाणी उचलली, आणि डोंगरावरच्या गुलाबांचं पाणी तिच्यात भरलं. इथल्या गुलाबपाण्याला किंचित धुराचा वास असतो, तुझ्या स्वयंपाकघरासारखा. पहिली नात. मग ती माझ्याकडे वळली. मी सवयीनं मागे सरकले, आये, दाराकडे, जिथं तू उभी राहायचीस. पण तिचा हात पुढच्या बाईकडे वळलाच नाही. माझ्या डोक्यावर आला. पाणी भांगातून खाली कानामागे उतरलं, गार. तिनं विचारलं, "और?" मी म्हटलं, "और."

परतीच्या वाटेवर नातीनं गाडीतला छोटा आरसा खाली ओढला आणि बराच वेळ बाजूनं, समोरून बघत बसली. डॉक्टरकडची वेळ तिनं रद्द केली की नुसती पुढे ढकलली, मी विचारलं नाही. नाक तिचं आहे. पण काल कोणाला तरी फोनवर सांगत होती, "माझं नाक अँटीक आहे," आणि हसत होती. सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी मध्ये पडले नाही.

हा कागद आता तुझ्या लुगड्यात घालीन, गुलाबदाणीखाली. कुठं टाकणार? आणि तुला वाचून दाखवायला कोण बसलंय तिकडे, आजी? ती आपल्या सोयीचंच वाचेल.

एक राहिलं. गाडीत नातीनं विचारलं होतं, "आजी, तू दोनदा का घेतलंस?" मी म्हटलं, दुसरं माझ्या आईच्या वाटचं. तिला ते फार आवडलं, डोळे भरून आले तिचे. आता तुझ्यापाशी काय लपवायचं? दोन्ही माझीच होती. नकटीला दोनदा, ही सवय तूच लावलीस.